ठोकलं कुणी, भरायचं कुणी?

पार्किंगमधल्या छोट्या धडकांवर प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, तर पत्रांचा ढीगच लागला. बरीचशी पत्रं सारखीच होती, त्यातली वेगळी वाटली ती निवडली. मी स्वतः वाहन विम्याच्या कामात बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे उत्तरं वकिली कमी आणि गॅरेजमधली जास्त वाटतील, चालवून घ्या.

प्रश्न : मॉलच्या बेसमेंटमधून गाडी रिव्हर्समध्ये काढत होते. एका बाजूला मोठी एसयूव्ही, दुसऱ्या बाजूला पिलर, काही म्हणजे काही दिसत नव्हतं. हळूहळू मागे येत अर्ध्याहून जास्त बाहेर आले आणि तेवढ्यात लेनमधून एक सेडान आली ती सरळ माझ्या मागच्या डाव्या कोपऱ्यावर. जमिनीवर बाण काढलेत, तो माणूस बाणाच्या उलटा येत होता. पण उतरल्या उतरल्या म्हणाला, "मॅडम तुम्ही रिव्हर्समध्ये होतात, म्हणजे चूक तुमचीच" आणि बारा हजार मागितले. गर्दी जमली, मुलगी गाडीत रडायला लागली, मी घाबरून व्हॉट्सअॅपवर "सॉरी, खर्च मी देते" असं लिहून मोकळी झाले. आता मिस्टर म्हणतात एक रुपया द्यायचा नाही. खरंच चूक कुणाची धरतात? — एक वाचक, बाणेर, पुणे

उत्तर : रिव्हर्सवाला दिसला की चूक त्याची, हे आपल्याकडे गॅरेजपासून पोलीस चौकीपर्यंत सगळे म्हणतात आणि ते अर्धंच बरोबर आहे. मागे गाडी घेणाऱ्याने आधी खात्री करायची की आपल्यामुळे कुणाला धोका नाही, हे २०१७ च्या मोटर वाहन ड्रायव्हिंग नियमांत आहेच. त्यामुळे सुरुवातीला पारडं तुमच्या विरुद्ध झुकतं हे मान्य करा. पण लेनमधून येणाऱ्याला डोळे मिटून यायची परवानगी कुणी दिलेली नाही. अर्धी गाडी बाहेर आलेली, रिव्हर्सचा दिवा लागलेला, आणि समोरचा तरी थांबत नाही तर त्याचा निष्काळजीपणा वेगळा मोजायचा. कोर्टात याला अंशदायी निष्काळजीपणा म्हणतात, म्हणजे दोघांच्या चुकीचे टक्के काढायचे आणि ज्याची जेवढी चूक तेवढी त्याची भरपाई कमी करायची. साठ-चाळीस, सत्तर-तीस, पन्नास-पन्नास, काहीही होऊ शकतं.

बाणाचं म्हणाल तर तो मॉलवाल्यांनी रंगवलेला असतो, ट्रॅफिक पोलिसांनी लावलेली एकेरीची पाटी नव्हे, म्हणून बाण मोडला म्हणून पावती फाटणार नाही. पण निष्काळजीपणा ठरवताना तो बाण तुमच्या चांगलाच कामाचा आहे, कारण तुम्ही साहजिकच ज्या बाजूने गाड्या यायला हव्यात तिकडे जास्त बघत होतात आणि हा आला दुसऱ्या बाजूने.

आता खरी गोष्ट. तिथे कोण काय बोललं यापेक्षा पत्रा काय बोलतो ते बघा. तुमचा मागचा बंपर पाठीमागून सपाट आत दबलाय आणि त्याचं दार किंवा फेंडर चेपलंय, तर धडक तुम्ही दिलीत, तो तुमच्या मागून आडवा जात होता. उलट त्याचा पुढचा बंपर फुटलाय आणि तुमच्या मागच्या चाकाच्या आसपासचा पत्रा बाजूने आत गेलाय, तर तो येऊन आदळलाय. ओरखडे कुठून कुठे ओढले गेलेत, जमिनीपासून किती उंचीवर आहेत, कुणाचा रंग कुणाच्या गाडीला लागलाय, सर्व्हेअर, म्हणजे कंपनीतर्फे नुकसान तपासणारा माणूस, हेच बघतो. आणि एक सांगतो, कुणाचं नुकसान जास्त झालं यावरून चूक ठरत नाही. आजकालच्या बंपरमध्ये सेन्सर, कॅमेरा, क्लिपा असं सगळं भरलेलं असतं, हळू लागलं तरी बिल मोठं येतं, आणि लोक तेच बिल नाचवत "बघा किती जोरात मारली" म्हणतात.

तुमच्या वर्णनावरून माझं मत, गाड्यांवरच्या खुणा तुम्ही म्हणता तशाच असतील तर निम्म्याहून थोडी जास्त चूक त्याच्याकडे जाते. सगळी नाही. म्हणजे मिस्टरांचं "एक रुपया नाही" हेही टिकणार नाही आणि त्याचे बारा हजार तर अजिबात नाहीत.

व्हॉट्सअॅपवरच्या सॉरीने केस हरत नाही. गर्दीत, लेकरू रडत असताना लिहिलेली ओळ आहे, तसं सांगता येतं. पण पॉलिसीच्या छापील अटी कधी उघडून बघा, त्यात स्पष्ट असतं की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचं वचन द्यायचं नाही. म्हणजे उद्या त्याने तुमच्यावर दावा लावला आणि तुम्ही कंपनीकडे गेलात तर कंपनी या मेसेजवर बोट ठेवू शकते. म्हणून आता पुढचं काही टाइप करू नका. मॉलच्या सिक्युरिटी ऑफिसला आजच्या आज लेखी अर्ज द्या की अमुक वेळेचं फुटेज जपून ठेवा, कारण सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं. अर्जाची पोच घ्या. फुटेज तुमच्या हातात देणार नाहीत कदाचित, पण जपून ठेवलं तरी पुढे पोलीस किंवा कोर्ट मागवू शकतं.

मग प्रश्न येतो की स्वतःच्या इन्शुरन्समधून करून घ्यावं का. इथे लोक चूक-बरोबर भांडत बसतात आणि हिशोब करत नाहीत. समजा तुमच्या गाडीचा ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, प्रीमियम सूट धरायच्या आधी १०,००० आहे आणि तुम्ही ५० टक्के एनसीबीवर (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) आहात. एक क्लेम केला की पुढच्या रिन्यूअलला एनसीबी शून्य, म्हणजे ५,००० गेले. त्यानंतर २०, २५, ३५, ४५ अशी पायरी पायरीने वर चढणार, त्या प्रत्येक वर्षी ५० टक्क्यांपेक्षा जेवढं कमी तेवढा तोटा : ३,०००, २,५००, १,५००, ५००. सगळं मिळून १२,५००. गाडी जुनी होत जाते तसा प्रीमियम उतरतो म्हणून आकडा थोडा कमी धरा, तरी दहा हजारांच्या आसपास येतोच. वरून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीचे स्वतःच्या खिशातून, त्याच्या वर २,०००. आणि झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, नसेल तर प्लास्टिक-रबरच्या पार्टला घसारा निम्मा, म्हणजे बंपर बदलला तर त्याचे अर्धे पैसे तुमचेच. समजा डेंटिंग-पेंटिंग नऊ हजारांचं आहे, तर त्यासाठी क्लेम करणं म्हणजे स्वतःच्या खिशातून काढून स्वतःच्याच दुसऱ्या खिशात कमी टाकणं. एनसीबी प्रोटेक्ट, म्हणजे क्लेम करूनही एनसीबी टिकवणारं जादा कव्हर, घेतलेलं असेल तर गोष्ट वेगळी, मग अटी वाचून खुशाल करा.

माझा सल्ला : आपापला खर्च आपणच करू असं त्याला सरळ सांगा. बहुतेक माणूस मान्य करतो, कारण त्याला स्वतःला माहीत असतं की तो बाणाच्या उलटा होता.

प्रश्न : आमच्या सोसायटीत समोरासमोरच्या स्लॉटमधून मी आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका एकाच वेळी रिव्हर्समध्ये निघालो आणि दोघांचे मागचे बंपर एकमेकांना. काका म्हणतात, "मी आधी निघालो होतो." सेक्रेटरी म्हणतात सोसायटीच्या आवारात इन्शुरन्सच लागू होत नाही, ती खाजगी जागा आहे. खरं काय? — ठाणे

उत्तर : दोघंही हलत असाल, दोघंही रिव्हर्समध्ये असाल तर निम्मं-निम्मं, यात फार डोकं लावू नका. एकच अपवाद : तुमच्यापैकी एक जण समोरचा निघाला हे बघून आधीच थांबला होता आणि दुसरा येऊन लागला, तर थांबलेल्याची बाजू भक्कम. "आधी निघालो" याने काही होत नाही, "आधी थांबलो" याने होतं. काकांना हा फरक समजावून बघा, आणि वॉचमनच्या केबिनवरचा कॅमेरा त्या बाजूला आहे का तेही बघा.

सेक्रेटरींचं ऐकू नका. स्वतःच्या गाडीचं नुकसान, म्हणजे ओन डॅमेजचा भाग, गाडी रस्त्यावर होती की सोसायटीत याने अडत नाही. सार्वजनिक जागेचा प्रश्न येतो तो थर्ड पार्टीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या भागात, कारण मोटर वाहन कायदा १९८८ मध्ये तो विमा 'सार्वजनिक ठिकाणी' गाडी वापरण्यासाठी सक्तीचा केलाय. पण तिथेही मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने १९८८ मध्येच, जुन्या कायद्याखाली, व्यापक अर्थ घेतला होता की जिथे लोकांना कोणत्याही कारणाने जाता-येता येतं, मग ते येणं-जाणं नियंत्रित का असेना, ती जागा यात धरायची. गेटवर रजिस्टरमध्ये सही करून डिलिव्हरीवाला, कामवाल्या मावशी, पाहुणे सगळे आत येतात ना? मग झालं तर.

तसंही तुमच्या केसमध्ये इन्शुरन्सपर्यंत जाऊच नये असं मला वाटतं. दोघांनी एकाच गॅरेजला गाड्या द्या, बंपर टचिंग करून घ्या, आपापलं बिल भरा. काकांच्या घरी चहा प्यायला जा आणि विषय संपवा, रोज लिफ्टमध्ये भेटायचं आहे. आणि एकदा मांडवली होऊन त्यांच्याकडून पैसे घेतलेत तर मग त्याच नुकसानीचा क्लेम कंपनीत लावू नका, ती सरळ सरळ फसवणूक होते.

प्रश्न : हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये वळताना उभ्या गाडीला माझ्या गाडीचा आरसा घासला, तिच्या दारावर लांब ओरखडा पडला. आजूबाजूला कुणी नव्हतं, वडील आत अॅडमिट होते, मी तसाच आत गेलो. परत येईपर्यंत ती गाडी गेलेली. आता वॉचमनने माझा नंबर दिला म्हणून फोन येतोय. उभ्या गाडीला लागलं तर काही पळवाट असते का? — छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नाही. गाडी उभी होती, तुम्ही हलत होतात, विषय संपला. फोन उचला. मोटर वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये नुसत्या जखमी माणसाचं नाही तर दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीचंही आहे, पोलीस जवळ नसतील तर २४ तासांच्या आत जवळच्या ठाण्यात कळवायचं आणि आपल्या विमा कंपनीलाही लेखी कळवायचं. प्रत्यक्षात ओरखड्यासाठी कुणी चौकीत जात नाही हे मलाही माहीत आहे, पण निघून जाणं आणि काचेवर वायपरखाली चिठ्ठी लावून जाणं यात समोरच्याच्या नजरेत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. वडिलांचं कारण खरं आहे, तेच सांगा, एका दाराच्या रंगकामाचं गॅरेजचं कोटेशन मागा, पैसे द्या आणि "पूर्ण भरपाई मिळाली, पुढे काही मागणं नाही" असं दोन ओळींचं त्यांच्याकडून लिहून घ्या. रोख दिलेत तर मात्र ही चिठ्ठी नक्की घ्या, नाहीतर महिन्याने परत फोन येतो.

प्रश्न : सगळीकडे "पार्किंग अॅट ओनर्स रिस्क" अशी पाटी असते. पैसे घेऊन पार्किंग देतात, मग त्यांच्या माणसाने गाडी ठोकली तरी ते मोकळे? आमची गाडी एका लग्नाच्या हॉलवर व्हॅलेवाल्याने, म्हणजे किल्ली घेऊन गाडी लावून देणाऱ्याने, पिलरला घासली. — नाशिक

उत्तर : पाटी लावली म्हणून हात झटकता येत नाहीत. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०१९ मध्ये दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या प्रकरणात हेच सांगितलंय. १९९८ मध्ये व्हॅलेला किल्ली दिलेली मारुती झेन चोरीला गेली होती आणि हॉटेल पाटीकडे, पावतीमागच्या छापील ओळीकडे बोट दाखवत होतं. कोर्ट म्हणालं, किल्ली घेतलीत म्हणजे गाडी सांभाळायची जबाबदारी घेतलीत, आणि स्वतःच्या निष्काळजीपणातून त्या पाटीआड सुटता येत नाही. ती चोरीची केस होती, पण तुमच्याकडे तर हॉलच्याच माणसाच्या हातात स्टिअरिंग होतं.

मात्र तुम्ही स्वतः गाडी लावलीत, किल्ली तुमच्या खिशात आणि दुसऱ्या कुणी येऊन ठोकली, तर पार्किंगवाल्याला धरणं खूप अवघड, तिथे ठोकणाऱ्यालाच शोधावं लागतं. तुम्ही व्हॅलेचं टोकन, गाडीचे आधीचे-नंतरचे फोटो असतील ते जोडून हॉलच्या मालकाला लेखी पत्र द्या. ऐकलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, तिथे वकील लावायलाच हवा असं नाही.

प्रश्न : माझी गाडी पिवळ्या लाइनच्या थोडी बाहेर होती हे खरं, पण ती उभी होती ना? ठोकणारा म्हणतो तूच चुकीची लावलीस. — कोल्हापूर

उत्तर : वीतभर बाहेर असेल तर त्याची चूक तशीच राहते, दिसणाऱ्या गाडीला चुकवायचं काम त्याचं. रॅम्पच्या वळणावर, अंधारात, दिवा न लावता अर्धी लेन अडवून लावली असेल तर मग तुमच्याही नावावर काही टक्के चढणार. फोटो काढलाय का? त्यात चाक आणि लाइन दोन्ही एकत्र दिसायला हवेत, नुसत्या डेंटचा क्लोजअप काही कामाचा नाही.