मार्क फिशरचं लिखाण लोकांना एवढं का आवडतं?

मेन कारण म्हणजे हा ब्रिटिश लेखक-विचारवंत लांबून उपदेश करत नाही. इंग्लंडमधे कॉलेजात शिकवायचा, के-पंक नावाचा ब्लॉग लिहायचा, आणि २००९ चं त्याचं पुस्तक 'कॅपिटलिस्ट रिअलिझम' (म्हणजे भांडवलशाहीला पर्यायच नाही असं सगळ्यांना वाटायला लागणं) तर शंभर पानांचंही नाहीये. त्यातला कॉल सेंटरवाला भाग वाचाच, तक्रार करायला फोन लावायचा, एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहायचं, चिडायचं कोणावर तेच कळत नाही कारण जबाबदार असं कोणी सापडतच नाही, तर तो म्हणतो भांडवलशाहीची अख्खी सिस्टीमच अशी आहे. आणि डिप्रेशन म्हणजे नुसता डोक्यातला केमिकल लोचा नाही, त्यामागे कामाची पद्धत, राजकारण पण आहे हे त्याने ठणकावून सांगितलं, तेही स्वतः डिप्रेशन भोगत असताना. २०१७ मधे गेला बिचारा. उपायांच्या बाबतीत मात्र पुस्तक जरा लंगडं पडतं हां.