वाचकांचे प्रश्न : धबधबा आधी कोणी पाहिला?

या महिन्याच्या पत्रांना नागपूरच्या एक निवृत्त भूगोल शिक्षिका उत्तरं देत आहेत.

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. चाचणीत 'व्हिक्टोरिया धबधब्याचा शोध कोणी लावला?' असा प्रश्न होता. तिनं लिहिलं, 'धबधबा तिथल्या लोकांना आधीपासून माहीत होता, लिव्हिंगस्टननं तो नंतर पाहिला.' बाईंनी उत्तरावर काट मारली. पुस्तकात नाव लिव्हिंगस्टनचंच आहे, हे मलाही दिसतं. पण पोरगी रुसून बसली आहे. तिला काय सांगू?
– एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, तिचं उत्तर बरोबर आहे असं तिला आजच सांगा. आणि हेही सांगा, की तिच्या बाजूनं साक्ष द्यायला खुद्द लिव्हिंगस्टन, आफ्रिकेत फिरलेला तो स्कॉटिश मिशनरी प्रवासी, उभा आहे.

त्याचं प्रवासवर्णन १८५७ साली लंडनमध्ये छापून आलं. त्यात तो लिहितो, की मकोलोलो लोकांचा राजा सेबितुआने यानं त्याला विचारलं होतं, 'तुमच्या देशात आवाज करणारा धूर आहे का?' ही भेट १८५१ सालची. धबधब्याची पहिली खबर लिव्हिंगस्टनला अशी एका आफ्रिकी राजाच्या तोंडून मिळाली आणि प्रत्यक्ष दर्शन त्यानंतर चार वर्षांनी, नोव्हेंबर १८५५ मध्ये झालं.

ते तरी कसं झालं, तेही त्यानंच लिहून ठेवलंय. सेबितुआनेचा मुलगा सेकेलेतू तेव्हा गादीवर होता. हा धबधबा ज्या नदीवर आहे, त्या आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या झांबेझी नदीवर दोन होड्या यायच्या होत्या, आली एकच. सेकेलेतूनं ती पाहुण्याला देऊन टाकली आणि स्वतः दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर आला. पाण्याची ती भयंकर ओढ जाणणाऱ्या नावाड्यांनी लिव्हिंगस्टनला थेट कड्याच्या तोंडावरच्या बेटावर नेऊन उतरवलं. हा कडा सुमारे १०८ मीटर उंच आणि पावणेदोन किलोमीटर रुंद. वल्हं मारणाऱ्याचा अंदाज हातभर चुकला असता, तर आज पुस्तकात लिव्हिंगस्टनही नसता. त्या बेटावर आणि आसपासच्या आणखी दोन जागांवर बटोका लोकांचे तीन मुखिया आपल्या पितरदेवतांची पूजा करीत, हेही त्याच पुस्तकात आहे. म्हणजे तो पोचला ती जागा नुसती माहीत असलेली नव्हती, ते एक देवस्थान होतं. तिथल्या झाडावर लिव्हिंगस्टननं आपली आद्याक्षरं आणि साल कोरलं, आणि धबधब्याला आपल्या राणीचं नाव दिलं. तिथलं नाव मोसी-ओआ-तुन्या, म्हणजे तोच 'आवाज करणारा धूर'. १९८९ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा यादीत हे ठिकाण घेतलं, ते दोन्ही नावांनी.

मी वर्षानुवर्षं वर्गात आफ्रिकेचा नकाशा टांगून शिकवलं आहे. पुस्तकातलं वाक्य लहान करायचं म्हटलं की सगळ्यांत आधी वाटाड्या गळतो, मग होडी देणारा राजा गळतो आणि शेवटी एकटा माणूस उरतो, हे मी पाहत आले. या मुलीनं गळलेली माणसं परत वाक्यात आणली. परीक्षेपुरतं तिला असं लिहू द्या : 'हा धबधबा पाहून त्याचं वर्णन प्रसिद्ध करणारा पहिला युरोपीय प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन, १८५५. स्थानिक लोकांना तो पूर्वीपासून माहीत होता.' यावर काट मारायला कुणाला कारण सापडणार नाही. बाईंना भेटाल तेव्हा वही घेऊन जा आणि शांतपणे बोला. त्यांनाही छापील उत्तरपत्रिकेवरूनच तपासावं लागतं.

प्रश्न : मी एमपीएससीची तयारी करतो. मॅडम, आजकाल सगळ्याच जुन्या संशोधकांना नावं ठेवायची पद्धत पडली आहे. जिवावर उदार होऊन ही माणसं गेली, नकाशे केले, म्हणून जगाला आफ्रिका कळली. याचं श्रेय त्यांना द्यायचं नाही का?
– एक विद्यार्थी, धरमपेठ, नागपूर

उत्तर : द्यायचं, आणि नेमकं ज्याचं आहे त्याचं द्यायचं. सेक्स्टंट हे कोन मोजायचं उपकरण घेऊन, तापानं फणफणत असतानाही ताऱ्यांची उंची मोजून अक्षांश-रेखांश लिहिणं हे कष्टाचं आणि अचूक काम होतं. ते मी कधीच हलकं मानलेलं नाही. पण 'जगाला आफ्रिका कळली' हे तुझं वाक्य मला मान्य नाही. कुठल्या जगाला? पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचा राजा मन्सा मूसा १३२४ मध्ये हजच्या वाटेवर कैरोत उतरला, तेव्हा त्यानं वाटलेल्या सोन्याची चर्चा पुढे कित्येक वर्षं चालली. चौदाव्या शतकातच मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता मालीतल्या तिंबक्तू शहराला जाऊन आला. फ्रेंच प्रवासी रेने काये याला मात्र तिंबक्तू पाहून जिवंत परतल्याबद्दल पॅरिसच्या भूगोल संस्थेनं दहा हजार फ्रँकचं बक्षीस दिलं, ते १८२८ च्या प्रवासासाठी. आणि आफ्रिका खंड आडवा ओलांडायचं म्हणशील, तर पेद्रो जुआंव बाप्तिस्ता आणि अमारो जुझे हे दोन आफ्रिकी व्यापारी अंगोलाकडून निघून १८११ मध्ये झांबेझीकाठच्या तेतेला पोचले होते. लिव्हिंगस्टनच्या चाळीसहून जास्त वर्षं आधी!

आता तुझ्या-माझ्या जवळची गोष्ट सांगते, कारण ती आपल्या मुलांना माहीतच नाही. नाशिकला शरणपूर आहे ना, तिथल्या मिशनमध्ये अरबी समुद्रावर गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुलं राहत, शिकत. १८६६ च्या सुरुवातीला लिव्हिंगस्टन मुंबईहून शेवटच्या मोहिमेवर निघाला, तेव्हा त्यानं तिथली नऊ मुलं बरोबर घेतली. मुंबईच्या मिशन शाळेत ठेवलेला चुमा हा आफ्रिकी मुलगाही त्याच्याबरोबर होता. पुढे मदतीला पाठवलेल्या तुकडीतून नाशिकचाच जेकब वेनराइट गेला. १ मे १८७३ च्या सुमारास आजच्या झांबियात, चितांबो या मुखियाच्या गावात लिव्हिंगस्टन वारला. त्याचं काळीज तिथंच झाडाखाली पुरलं. जेकबनं प्रार्थना म्हटली आणि झाडाच्या खोडावर अक्षरं कोरली. मग चुमा, लिव्हिंगस्टनचा जुना आफ्रिकी सोबती सूसी आणि त्यांचे साथीदार यांनी वाळवलेला देह कापडात गुंडाळून सुमारे दीड हजार किलोमीटर चालत आजच्या टांझानियातल्या बागामोयोच्या बंदरापर्यंत आणला. देहाबरोबर त्याच्या वह्या आणि उपकरणंही. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत जेकब होता. चुमा आणि सूसी यांना त्या वेळी कोणी नेलंच नाही. दफन उरकल्यावर ते इंग्लंडला पोचले आणि त्यांनी वह्यांतल्या जागा, माणसं आणि घटना संपादकाला समजावून दिल्या. ज्या नकाशांचं श्रेय तू मागतोस, त्यांतला बराच भाग या माणसांच्या पायांनी लंडनला पोचला आहे.

सिदी मुबारक बॉम्बेचंही नाव लिहून ठेव. लहानपणी गुलाम म्हणून पश्चिम भारतात आणला गेला, मालक वारल्यावर सुटून झांझिबारला परतला. बर्टन, स्पीक, स्टॅन्ली, कॅमेरॉन आफ्रिकेत गेलेल्या या चौघाही युरोपीय संशोधकांच्या मोहिमांत तो होता. स्पीक हिंदुस्थानात पलटणीत नोकरी केलेला, त्यामुळे या दोघांचं आपसांतलं बोलणं हिंदुस्थानीत चाले! नाईलचा उगम शोधताना मधे हिंदुस्थानी होती, हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

उरला प्रश्न परिणामांचा. स्टॅन्लीनं बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्यासाठी काँगोत शेकडो मुखियांकडून करारांवर खुणा करून घेतल्या. मग नोव्हेंबर १८८४ ते फेब्रुवारी १८८५ बर्लिनला परिषद भरली. तिथं युरोपीय देशांनी आफ्रिकेवरच्या दाव्यांचे नियम ठरवले आणि टेबलाशी आफ्रिकेतला एकही राजा नव्हता. 'इथं कोणी नव्हतं, आम्हीच शोधलं' असं एकदा कागदावर आलं, की 'म्हणून आमचं' हे लिहायला वेळ लागत नाही. मला या वाक्याची चीड येते ती यामुळे.

प्रश्न : गेल्या महिन्यात पचमढीला गेलो. गाइड म्हणाला, हे गाव १८५७ मध्ये कॅप्टन फॉर्सिथनं शोधलं. खरं का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : नाही हो! आपल्या विदर्भातल्या माणसाला हे कसं पटावं? माझ्या लहानपणी उमरेडकडची आमची माणसं 'महादेवाला' जात. महाशिवरात्रीला चौरागडावर त्रिशूळ खांद्यावर घेऊन चढत, 'एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव' म्हणत. आजही नागपंचमीच्या नागद्वार यात्रेला विदर्भातून बसेस भरून जातात. ही वाट कोणा कॅप्टननं घालून दिलेली नाही.

त्या पठारावर कोरकू आणि गोंड लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. आसपासच्या डोंगरांतल्या शिळाचित्रांचं वय तर हजारो वर्षांत मोजतात. आणि ज्या काळाची ही गोष्ट गाइड सांगतो, त्याच काळात तिथले कोरकू जहागीरदार राजा भभूत सिंह तात्या टोप्यांना साथ देत इंग्रजांशी लढत होते. इंग्रजांनी त्यांना पकडून मृत्युदंड दिला. ज्या गावचा राजा तुमच्याशी लढतो, ते गाव तुम्ही शोधलं कसं?

फॉर्सिथनं काय केलं, तर १८६२ मध्ये तिथं बायसन लॉज बांधलं, जंगलखात्याचं काम केलं आणि मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावर एक पुस्तक लिहिलं. ते १८७१ मध्ये आलं. इंग्रजी वाचत असाल तर त्यातला पचमढीचा भाग जरूर वाचा. महादेवाच्या जत्रेला लोटणाऱ्या हजारो यात्रेकरूंचं वर्णन त्यात फॉर्सिथनंच केलेलं आहे.