एसक्यूलाइटमध्ये (एकाच फाइलमध्ये राहणारा छोटा डेटाबेस) लूप लावून लाखभर रेकॉर्ड अपडेट करायचेत आणि फार वेळ लागतोय?
अरे, तुझं लूप स्लो नाहीये, प्रत्येक अपडेट वेगळं ट्रान्झॅक्शन (एकदम पक्का होणारा बदलांचा गट) होतंय ना तिथे वेळ जातोय, डेटा खरंच डिस्कवर उतरला का याची दरवेळी वाट बघितली जाते, साध्या ७२०० आरपीएमच्या हार्डडिस्कवर सेकंदाला ६० च्या आसपासच ट्रान्झॅक्शन होतात म्हणजे लाख रेकॉर्डला अर्धा तास गेलाच की. आधी फाइलची कॉपी काढ, मग लूपच्या आधी बिगिन (ट्रान्झॅक्शन सुरू) आणि संपल्यावर एकदाच कमिट (सगळे बदल पक्के), म्हणजे सगळं मिळून एकच ट्रान्झॅक्शन. व्हेअरमधल्या कॉलमवर, म्हणजे ज्यावरून रेकॉर्ड शोधतोस त्यावर, इंडेक्स (पटकन शोधायची सूची) आहे का तेही बघ, नसेल तर प्रत्येक रेकॉर्डसाठी अख्खं टेबल चाळलं जातं. सिंक्रोनस (डिस्कची वाट बघायची सेटिंग) ऑफ मात्र करू नकोस रे, मध्येच लाइट गेली तर फाइल करप्ट होऊ शकते, माझी एकदा झालीये, दोन दिवस गेले निस्तरण्यात.