नवीन स्पीकर घेतले तरी बेस (ढोलासारखा खालचा, जाड आवाज) येत नाही, स्पीकर नक्की कुठे ठेवू? की अँप (अँप्लिफायर) बदलू?

अँप बदलायचं आधी डोक्यातून काढा. तुम्ही लिहिलंय खोली ४ बाय ३ मीटर, स्पीकर पार कोपऱ्यात भिंतीला टेकवलेले आणि खुर्ची बरोब्बर खोलीच्या मधोमध. अहो मग बेस येणार कुठून, जिथे तो मरतो नेमके तिथेच बसलाय तुम्ही.

माझंही सेम झालं होतं. दोन महिने केबल बदल, स्पीकरखाली रबराचे तुकडे लाव असले उद्योग केले, आणि एकदा गाणं चालू असताना फोन घ्यायला उठलो तर दाराजवळ ढोल असा दणदणतोय की मी तिथेच उभा राहिलो. परत खुर्चीत बसलो, ढोल गायब. पुन्हा दाराशी गेलो, ढोल हजर. मग खुर्ची हातभर मागे ओढली आणि दोन महिन्यांची कटकट मिटली, फुकटात.

कारण साधं आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागलं की तुमच्या ४ मीटरला येतात ४३ हर्ट्झ (सेकंदाला ४३ कंपनं), म्हणजे ही लाट तुमच्या खोलीत दोन भिंतींमध्ये अडकते, तिचा दाब भिंतींपाशी सगळ्यात जास्त आणि मधोमध जवळपास शून्य. आवाज कितीही वाढवा, तो खड्डा भरत नाही. उलट डोकं मागच्या भिंतीला टेकवून बसलात तर नुसतं घूं घूं ऐकू येईल. म्हणून डोकं तुमच्या मागच्या भिंतीपासून दीडेक मीटरवर आणा, तिथून वीतभर पुढेमागे करत बघा.

आता स्पीकर. कोपऱ्यात बेस वाढतो हे खरंय पण तो फुगलेला असतो, गाणाऱ्याने तोंडासमोर मडकं धरल्यासारखा. ३ मीटरच्या भिंतीसमोर दोघांमध्ये २ मीटर अंतर ठेवा, म्हणजे बाजूच्या भिंती अर्धा अर्धा मीटर लांब राहतील, आणि स्पीकरच्या मागची भिंत ७५ सेंटीमीटरवर. असं केलं की तुमचं डोकं आणि दोन स्पीकर यांचा समभुज त्रिकोण होतो. ७५ सेंटीमीटरलाही किंमत आहेच, स्पीकरमागच्या भिंतीवरून परत येणारा आवाज ११४ हर्ट्झच्या आसपास उलटा पडून मूळ आवाजाला खातो. म्हणून मागचं आणि बाजूचं अंतर सारखं ठेवू नका, नाहीतर दोन्ही खड्डे एकाच जागी पडतात. सगळे खड्डे बुजवता येत नाहीत, फार त्रास न देणारा निवडायचा.

हे सगळं करायच्या आधी एकदा लाल काळ्या वायरी तपासा हं, एका स्पीकरला उलट्या लागल्या असतील तरी बेस असाच गायब होतो आणि मी इथे उगाच भौतिकशास्त्र शिकवत बसलो असं होईल.

मग जमिनीवर मास्किंग टेपच्या खुणा करा आणि एकाच गायकाचा, कमी वाद्यं असलेला ओळखीचा ट्रॅक लावा. डोळे मिटून ऐका, आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधून यायला हवा, डावीकडे सरकतोय असं वाटलं तर मोजायच्या टेपने अंतर परत मोजा, ३-४ सेंटीमीटरचा फरकही कळतो. ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला बारीक आवाजाचा छोटा भाग, कानाच्या उंचीला. स्पीकर थोडे आत वळवत न्या, आवाज टोकदार, बोचरा वाटला की जरा मागे फिरवा, याला आकडा नाही, कानच लागतो. बाजूच्या भिंतीवर कुणाला तरी आरसा सरकवायला लावा, खुर्चीतून स्पीकर दिसला त्या जागी जाड पडदा किंवा भरलेलं पुस्तकांचं कपाट येऊ द्या.

पुढेमागे सबवूफर (फक्त बेससाठीचा वेगळा स्पीकर) घेतलात तर तो आधी खुर्चीच्या जागी ठेवून वाजवा आणि तुम्ही खोलीत रांगत फिरा, जिथे बेस सगळ्यात सपाट आणि स्वच्छ ऐकू येतो तीच त्याची जागा. घरचे हसतील, हसू देत.

आणि टेपच्या खुणा काढू नका, झाडताना कुणीतरी स्पीकर सरकवतंच.