३ लाखात जुनी अल्टो घ्यावी की क्विड? आधी भर दुपारी चालवून बघा

भाऊ, तुम्ही विचारलंय की बजेट ३ लाख, राहणं चोपड्याकडच्या खेड्यात, घरात आई-वडील, बायको अन् एक लहान पोरगी, तर मारुतीची जुनी अल्टो घ्यावी का रेनॉची जुनी क्विड. मी अमळनेर तालुक्यातला, ड्युटी धुळ्याला, २०२२ च्या जानेवारीपासून २०१५ ची अल्टो ८०० वापरतोय. क्विड मेव्हण्याकडे आहे, ती पण बऱ्याचदा चालवलीय.

पण मॉडेलचं नंतर. आधी एक ऐका, गाडी बघायला सकाळी सकाळी जाऊ नका, दुपारी दीड-दोनला जा. मी जानेवारीत घेतली, एसी लावून हात धरला तर एकदम गार हवा, विकणारा म्हणे एसी चिल्ड आहे, अरे बाबा बाहेरच थंडी होती तर हवा गार येणारच ना! मग आली आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. बहिणीला आणायला शहाद्याला गेलो, आई पण हट्टाने सोबत आली, येताना बहीण अन् तिची दोन पोरं. रस्त्याने गाडी मस्त पळत होती, एसी पण ठीक. मधे रेल्वेचं फाटक लागलं, दहा मिनिटं थांबलो असू, तर आधी एसी गरम हवा फेकायला लागला, मग कसलातरी वास, मग बॉनेटमधून वाफ. आई मागून म्हणे, "बंद पडनी का रे भाऊ?" मी रुमाल घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला निघालो होतो, एका ट्रकवाल्याने हात धरला, म्हणे तोंड भाजून घेशील, अर्धा तास थांब. त्याचे उपकार आहेत माझ्यावर.

झालं काय होतं, तर रेडिएटरचा पंखा फिरतच नव्हता. गाडी पळत असते तेव्हा समोरची हवा लागून रेडिएटर थंड राहतो म्हणून कळत नाही, उभी राहिली की मग खरं कळतं. मेकॅनिकने मोटर बदलली, खर्च फार नाही आला, पण आखाजीच्या दिवशी ४४ डिग्रीत रस्त्यावर उभी राहिलेली बहीण अजून टोमणे मारते.

म्हणून टेस्ट ड्राइव्ह म्हणजे एक गल्ली फिरून येणं नाही. घरातले सगळे बसवा, एसी फुल करा, पाच-दहा किमी चालवा, मग गाडी चालूच ठेवून पंधरा मिनिटं उन्हात उभी करा. पंखा मधून मधून चालू झाल्याचा आवाज यायला पाहिजे अन् हवा गारच राहिली पाहिजे. मग बंद करून लगेच स्टार्टर मारा, बॅटरीचं पण समजतं, आपल्याकडच्या उन्हात बॅटऱ्या लवकर जातात. विकणारा दुपारी यायला कुरकुर करायला लागला तर काय ते समजून जा.

आता मॉडेल. शेतात गाडी न्यायची असेल तर क्विड, कारण तिचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटाची उंची, सालाप्रमाणे १८०-१८४ मिमी आहे अन् अल्टो ८०० चा १६०. गाडवाटेच्या मधल्या उंचवट्यावर माझी अल्टो कितीदा घासलीय मोजलं नाही, वरून टायर १२ इंची बारीकसे, पावसाळ्यात काळ्या मातीत गेली की पोरं बोलवा ढकलायला. डिक्की पण क्विडची मोठी. अल्टोचा फायदा एकच पण मोठा, कोणत्याही गावचा मेकॅनिक डोळे झाकून खोलतो अन् पार्ट तालुक्याला मिळतो. इंजिन ७९६ सीसीचं, एकट्याला भरपूर, पण पाच जण अन् एसी लावून चाळीसगावहून कन्नड घाट चढलात तर सेकंड गिअर अन् एसी बंद, दुसरा इलाज नाही. त्यापेक्षा ९९८ सीसीची अल्टो के१० मिळाली तर बघा. वडिलांचे गुडघे दुखत असतील तर वॅगन आर पण बघून ठेवा, अल्टोत वाकून बसावं लागतं, माझे वडील उतरताना रोज एक शिवी देतात.

माझ्या अल्टोचं मायलेज कंपनीच्या कागदावर लिटरला २२.७४ किमी होतं, मला हिवाळ्यात २०-२१ पडतं, उन्हाळ्यात एसीवर १७. सीएनजी असेल तर डिक्की टाकीने गेली समजा अन् दर तीन वर्षांनी टाकीची टेस्ट करावी लागते, ती झालीय का ते सर्टिफिकेट मागा.

साल शक्यतो २०१९ च्या जुलैनंतरचं घ्या, एप्रिल २०१९ पासून एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ देत नाही ते) अन् जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. माझ्यात दोन्ही नाही, तेव्हा हे डोक्यातच नव्हतं, आता पोरं मागे बसली की खटकतं.

अजून एक, घरात कापूस भरता का? मग बॉनेट आठवड्याला उघडत चला. दिवाळीनंतर उंदरांनी माझी वायरिंग कुरतडली, लोक म्हणे तंबाखूची पुडी ठेव, ठेवली, माझ्याकडच्या उंदरांना ती मानवली.

कागदात गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ अन् ३० वर सह्या, आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेची एनओसी अन् ते नाव काढायचा फॉर्म ३५, चेसिस नंबर स्वतः जुळवा. ३ लाख पूर्ण गाडीतच घालू नका, ३०-४० हजार टायर, बॅटरी, इन्शुरन्सला राहू द्या.

मेव्हणा त्याची क्विड विकायची म्हणतोय, तुमच्याच बजेटमधे बसते. पण ती तुम्हाला सुचवत नाही, मी ती भर दुपारी चालवलीय.