महागड्या हॉटेलात जेवण बिघडलं: बिलाची तक्रार वेगळी, चवीची वेगळी

ताई, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं. सासऱ्यांची सत्तरी, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी (सिद्धेश्वरांच्या जानेवारीतल्या यात्रेसाठी) पुण्याहून आलेलं घर, हौसेने निवडलेलं लॉनवालं मोठं हॉटेल, आणि शेवटी सहा जणांचे ४,८५१ रुपये देऊन सगळे अर्धपोटी उठले. तुम्ही विचारलंय की यात आपलं काय चुकलं, सर्व्हिस चार्ज परत मिळेल का, आणि तक्रार करायची तर कुठे. मी सोलापुरात बावीस वर्षं हॉटेलं आणि खानावळींचे हिशेब लिहितोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी बिल, कारण तिथे उत्तर सरळ आहे. तुम्ही दिलेले आकडे असे: जेवण ४,२००, त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज ४२०, आणि या दोन्हींच्या बेरजेवर पाच टक्के जीएसटी २३१. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक तत्त्वं काढली. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावाने लावायचा नाही, आणि तो जेवणाच्या रकमेत मिळवून त्यावर जीएसटीही घ्यायचा नाही, असं त्यात स्पष्ट आहे. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ही तत्त्वं वैध ठरवली. म्हणजे तुमचं बिल ४,४१० व्हायला हवं होतं. ४२० चार्जचे आणि त्यावरच्या कराचे २१, असे ४४१ रुपये तुमच्याकडून जास्त गेले. ‘हा आमचा नियम आहे, बोर्डावर लिहिलंय’ असं मॅनेजर म्हणाला, त्याला अर्थ नाही. बोर्ड लावल्याने ग्राहकाची संमती होत नाही.

बिल पुन्हा एकदा काढून बघा. वर ‘टॅक्स इनव्हॉइस’ लिहिलंय की ‘बिल ऑफ सप्लाय’? ‘बिल ऑफ सप्लाय’ देणारी काही हॉटेलं कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेत, असतात. त्यांना गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेताच येत नाही, तो त्यांनी आपल्या खिशातून भरायचा असतो. तरी पाच टक्के लावलेली बिलं मी स्वतः पाहिली आहेत. बिलावर जीएसटी क्रमांक आहे का आणि अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक आहे का, हेही तपासा.

बाटलीबंद पाण्याचा मुद्दा मात्र सोडून द्या. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले हे खरं, पण हॉटेलात बसून घेतलेल्या पाण्याला ती किंमत बंधनकारक नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. तक्रारीत तो मुद्दा घातलात तर समोरचा त्यालाच धरून बसेल. पुढच्या वेळी बसल्या बसल्या साधं पाणी मागा.

आता चव. तुमचा खरा सल तिथे आहे असं मला वाटतं. चार भाज्या मागवल्या, चारही एकसारख्या लागल्या, असं तुम्ही लिहिलंत. तुमची जीभ बरोबर आहे. अशा हॉटेलांच्या भटारखान्यात सकाळीच तीन-चार ग्रेव्ह्या करून ठेवतात: कांदा-टोमॅटोची लाल, काजू आणि मगजबीची पांढरी, एक पिवळी, कुठे एखादी पालकाची हिरवी. संध्याकाळी ऑर्डर आली की कढईत लाल ग्रेव्ही, थोडी पांढरी, वरून क्रीम, झालं पनीर बटर मसाला. त्यातच सिमला मिरची आणि कुटलेले धणे पडले की कढाई पनीर. तिखट वाढवलं की व्हेज कोल्हापुरी. यात फसवणूक नाही. शंभर-सव्वाशे पदार्थांचं मेन्यूकार्ड असेल आणि पंधरा मिनिटांत टेबलावर भाजी हवी असेल, तर दुसरा मार्गच नाही. पण मग चार भाज्यांना चार नावं आणि चार भाव का द्यायचे? म्हणून मी लांबलचक मेन्यूकार्ड दिसलं की दोनच भाज्या मागवतो, एक लाल आणि एक कोरडी.

किमतीबद्दलही सांगतो. या धंद्यात ढोबळ हिशेब असा धरतात की कच्चा माल विक्रीच्या एक तृतीयांशाच्या आसपास बसावा. बाकीचे पैसे जागा, वीज, एसी, लॉन, पगार आणि कर्जाच्या हप्त्यात जातात. मोठ्या लॉनचं हॉटेल उभं राहिलं की भाव ठरतो तो लॉनवरून. ताटातली भाजी त्या भावाने चांगली होत नाही. आठवड्याची गर्दी शनिवार-रविवारी आणि यात्रेच्या दिवसांत. तुम्ही गेलात तो दिवस यात्रेतल्या मुख्य अक्षता सोहळ्यानंतरचा, गाव माणसांनी भरलेलं. अशा रात्री भटारखान्यात दुप्पट ऑर्डरी आणि तेवढेच हात असतात.

मला सगळ्यात जास्त राग आला तो ‘सोलापुरी स्पेशल थाळी’चं वर्णन वाचून. भाकरी मऊ आणि चिवट, चटणी कोरडी भुकटी, वरून ओतलेलं तेल. कडक भाकरी अशी नसते. पातळ थापायची, तव्यावर भाजायची, मग मंद आचेवर अशी कोरडी करायची की बोटाने दाबली तर मोडली पाहिजे. माझी आई शेगडीच्या कडेला भाकरी उभी करून ठेवायची आणि बाकीचा स्वयंपाक करता करता फिरवत राहायची. ती भाकरी आठवडे टिकते. फक्त तिला ओल लागू द्यायची नाही. हॉटेलवाले बाहेरून पाकिटं घेतात, ती उघडी ठेवतात आणि ‘गरम’ करून देण्यासाठी मायक्रोवेव्हमध्ये घालतात, तिथेच ती चिवट होते. शेंगाचटणीचंही तसंच. भाजलेल्या शेंगा, लसूण, जिरं, तिखट, मीठ उखळात कुटलं की शेंगांचं स्वतःचं तेल सुटतं आणि चटणी गोळा धरते. मिक्सरमधून भरभर काढली की भुकटी होते. तेल वरून घालून ती चव येत नाही. ज्या गावात ही चटणी गृहोद्योगाच्या दुकानात पाव किलो विकत मिळते, तिथे गावाचं नाव लावून असली थाळी ४५० रुपयांना पाहुण्यांपुढे ठेवणं मला सहन होत नाही.

तुमचं काय चुकलं? एकच गोष्ट, जेवण बिघडलंय हे वेळीच सांगितलं नाही, आणि ती माझीही चुकली होती. चार वर्षांपूर्वी भाचीचं लग्न ठरलं तेव्हा लातूरच्या व्याह्यांना मीच एका महागड्या हॉटेलात नेलं. आम्ही अकरा जण. डाळकांद्यात साखर, पनीरला आंबट वास. व्याहीबुवांनी शब्द काढला नाही, पान तसंच ठेवलं. पाहुण्यांसमोर वाद नको म्हणून मीही गप्प राहिलो आणि सगळे पैसे दिले. घरी आल्यावर बहिणीने पिठलं टाकलं, भाकऱ्या थापल्या, आणि अकराही जण पुन्हा जेवले. ते पिठलं वाढताना तिचा चेहरा मी विसरलेलो नाही. तिच्या लेकीच्या सासरच्यांचं पहिलं जेवण होतं ते.

तेव्हापासून मी पहिल्या घासालाच बोलतो. आवाज चढवायचा नाही. उठून कॅप्टनकडे, म्हणजे वेटरांच्या मुख्याकडे, जायचं, भांडं दाखवायचं आणि म्हणायचं, ‘हे आम्ही खाल्लेलं नाही, बदलून द्या किंवा बिलातून काढा.’ गेल्या वर्षी असाच गोड डाळकांदा परत पाठवला, दहा मिनिटांत दुसरा आला, चांगला होता. अर्धं भांडं संपल्यावर सांगितलं तर कोणी ऐकत नाही, आणि त्यांचंही बरोबर आहे. चव आवडली नाही म्हणून नंतर कुठल्याही कार्यालयात दाद मागता येत नाही. पनीर आंबलेलं होतं, कुणाला त्रास झाला, तर तो अन्नसुरक्षेचा विषय, त्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

सासऱ्यांसाठी पुन्हा काही करायचं मनात असेल तर घाई करा, कारण जानेवारी संपत आलाय आणि हुरड्याचे थोडेच दिवस राहिलेत. मंगळवेढ्याच्या बाजूला कोवळी ज्वारी अजून मिळेल. शेतात आगटी, गरम हुरडा, शेंगाचटणी, गूळ, दही. आधी फोन करून माणसं सांगावी लागतात. सत्तरीच्या माणसाला खाली बसवत नसेल तर खुर्ची मागून घ्या, देतात.

४४१ रुपयांसाठी आधी हॉटेलला लेखी कळवा, बिलाचा फोटो जोडून. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मराठीत बोलता येतं. तिथेही अडलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, आणि दोन वर्षांची मुदत असते. बिलाच्या माथ्यावर काय लिहिलंय तेवढं इथे कळवा, तक्रारीचा मजकूर मी लिहून देतो.