बँड सोडू की मित्र सोडू?

समुपदेशक म्हणून हा प्रश्न मला वर्षातून तीन-चार वेळा तरी येतोच. कधी नाटकाच्या ग्रुपमधून, कधी मित्रांनी मिळून टाकलेल्या कॅफेतून, यावेळी आला एका बँडमधून. ज्या मुलाने विचारलं त्याने परवानगी दिली म्हणून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

चौघं सोलापूरचे, कॉलेजपासूनचे दोस्त. स्वतःची गाणी, मॅनेजर नाही, कंपनी नाही, सगळं आपलं आपणच. पुणे, कोल्हापूर, हैदराबाद, जिथे बोलावतील तिथे जायचं. माझ्याकडे आला तो ड्रमर. झोप लागत नाही, घरी आईवर ओरडतो, मित्रांचा मेसेज आला की छातीत धस्स होतं. म्हणाला, मॅडम मला सोडायचंय पण सोडलं तर बँड मरेल आणि हे तिघं आयुष्यात परत बोलणार नाहीत.

मी सोडायचं की नाही यावर गेलेच नाही. म्हटलं शेवटची पुण्याची ट्रिप सांग, सकाळपासून, काही गाळू नको.

सकाळी सातला उठला, गाडी वडिलांची म्हणून चालवणार हाच. उघड्यावरचा शो, रात्री दहाला स्पीकर बंद. मग तिघांचं सामान दहा मिनिटांत बॅगेत आणि याचं ड्रम किट सुटं करून भरेपर्यंत पाऊण तास, मग जेवण, बारानंतर निघाले. भिगवणपर्यंत गप्पा, मग एकेक जण आडवा. रात्री तीनला टेंभुर्णीला याने गाडी थांबवली, एकटाच उतरला, चहा घेतला. हे सांगताना तो थांबला. म्हणाला, काचेतून बघितलं तर तिघंही तोंड उघडं टाकून झोपलेले आणि मी चार चहा सांगितले होते.

ते तीन चहा त्याने तिथेच ठेवले आणि गाडीत येऊन बसला.

तोपर्यंत तो मला डिझेल, टायर, सर्व्हिसिंग असंच सांगत होता, डिझेल चौघांत वाटतात पण टायर याच्याच घरचे, आणि ते खरंही होतं. पण दुखत होतं ते हे, की आपल्यासाठी कोणी जागं राहत नाही. आणि हे त्याने तिघांना एकदाही सांगितलेलं नव्हतं! मैत्रीत मागायचं नसतं, समोरच्याला कळायला पाहिजे, असं आपल्याकडे फार जण धरून चालतात आणि माझ्या बघण्यात मैत्र्या तुटतात त्या बहुतेक यानेच, पैशाने कमी.

पुढच्या वेळी चौघांनाही बोलावलं. मी आधी गाडीचंच काढलं, कारण ते जिवावरचं होतं. सतरा तास सलग जागा असलेला माणूस रक्तात 0.05 टक्के दारू असल्यासारखा मंदावतो, आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा 0.03 आहे, आणि हा टेंभुर्णीला वीस तास जागा होता. खोली एकदम गप्प झाली. मग गायक म्हणाला, "अबे, आम्हाला वाटायचं तुला रात्रीचं ड्रायव्हिंग आवडतं."

"आवडायचं. पहिल्या वर्षी."

पुढचा तासभर तेच बोलले, मी जवळपास काहीच नाही. ठरलं ते असं: मानधनातून आधी खर्च बाजूला, उरलेल्याचे पाच वाटे, पाचवा गाडीचा. किट चौघांनी मिळून भरायचं. रात्रीचा प्रवास बंद, मुक्कामाचे पैसे आधीच शोच्या रकमेत धरून सांगायचे, दोन शो कमी मिळाले तरी चालेल. हे सगळं कागदावर, चौघांच्या सह्यांनी.

सोडण्याचा विषय शेवटी गिटारवाल्यानेच काढला. म्हणाला, इंडियन ओशन हा बँड 1990 पासून आहे, त्यातले 2009 ला असीम चक्रवर्ती वारले, 2013 ला सुस्मित सेन बाहेर पडले, तरी बँड चालू आहे, तू गेलास तर आम्ही मरणार नाही, रडू फक्त. मला वाटतं त्या मुलाची छाती त्या वाक्याने मोकळी झाली. जायचं दार उघडं आहे कळल्यावर राहायचं की नाही हे त्याला शांतपणे ठरवता आलं.

सध्या तो आहे. पुढच्या वर्षी असेल का माहीत नाही, मी विचारतही नाही. मधे बासवाल्याने लायसन्स काढलं. परवा मेसेज आला, "मॅडम, पुण्याहून सकाळी निघालो, मी मागच्या सीटवर झोपलो ते डायरेक्ट मोहोळला जाग आली. चहा सांगून ठेवला होता."